आठवी खुंटी

९ ऑक्टोबर २०१८

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडणार असशील, तर त्याआधी एवढी ओळ वाच : वज्र सापडलं आहे.

हो, तेच. आपल्या देवळाचं जुनं, वीतभर वज्र. सातशे वर्षं प्रत्येक मुख्य पुजाऱ्याच्या हातात पहिल्या दिवशी दिलं गेलेलं, दर वसंतात बेटावरच्या कोळ्यांच्या कपाळाला टेकवलेलं. परवा सकाळी साडेदहाला मी ते हातात घेतलं, आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही. माझी बायको मित्सुए सांगते की मी चिखलात बसकण मारली आणि "हे इथे कसं, हे इथे कसं" एवढंच म्हणत राहिलो. सुतारांनी मला उचलून ओसरीवर ठेवलं. देवळाचा मुख्य पुजारी, सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, तांदळाच्या पोत्यासारखा उचलून ठेवला! गावभर झालं असेल एव्हाना.

सकाळच्या पूजेत आज दोनदा घंटा हातातून सुटली.

तुझा पत्ता आईकडून घेतला. तिच्याकडे तो आहे हे मला आजच कळलं. कशाला हवा, हेही तिनं विचारलं नाही. तिला अजून काही सांगितलेलं नाही. ऐंशी पार केली आहे तिनं, एकदम धक्का नको.

तर झालं गेलं गंगेला मिळालं, असं म्हणू या का? तू ये. कोठीच्या माळ्यावर सापडलं, असं मी देवळाच्या मंडळींना सांगतो. कोणाला कमीपणा नको आणि जुन्या गोष्टी उगाळणंही नको. तुझ्यावरचा आळ तर जाईलच.

तिकडे उत्तरेत, कुशिरोला, आता थंडी पडली असेल. जप.

गेंकाई


१७ ऑक्टोबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला बर्फातले दोन क्रौंच, दुसऱ्या बाजूला एकच शब्द : "कुठे?"

बरं. माळ्यावर नाही. मीही काय लिहून बसलो.

बाबांनी बांधलेल्या होमशाळेला वाळवी लागली. खांब हातानं दाबला तर बोट आत जायचं. म्हणून या शरदात ती उतरवायचं ठरलं. बांधली तेव्हा चौथऱ्याखाली आठ दिशांना आठ कांस्याच्या खुंट्या पुरल्या होत्या, तुला आठवत असेल. तू कडेला हाताची घडी घालून, तोंड वाकडं करून उभा होतास. आता जागा मोकळी करायची तर त्या मंत्र म्हणून वर काढाव्या लागतात. मी मंत्र म्हणत होतो आणि तागुची सुतार एकेक खुंटी काढून पाटावर ठेवत होता. वरचं रेशीम कुजून माती झालेलं. तागुचीचं तोंड तुला माहीत आहे, सत्तरीतही गप्प बसत नाही. "गुरुजी," म्हणाला, "सात जणी शेवाळासारख्या हिरव्या झाल्यात आणि ही ईशान्येची बघा, नवरीसारखी नटून बसलीय."

मी डोळे उघडून बघितलं. सात हिरव्या. आठवीवर जुना सोन्याचा मुलामा तसाच. दोन्ही टोकं निमुळती, मधे चार डोळे कोरलेले, ज्या डोळ्याला लहानपणी आपण "झोपाळू" म्हणायचो तो तसाच अर्धवट मिटलेला. ती खुंटी नव्हतीच, दादा.

त्या दिवशीच्या गडबडीत अदलाबदल झाली असावी. आकार सारखा, दोन्ही वीतभर, वरून सारखंच रेशीम. असं होऊ शकतं. तुझ्यावर किती मोठा अन्याय झाला हे मला कळतं. पण मुद्दाम कोणी केलं नाही, एवढं ध्यानात घे.

गेंकाई


२४ ऑक्टोबर

दादा,

"कोणाच्या हातून?"

पुन्हा क्रौंच, पुन्हा एकच ओळ. बोटींची इंजिनं दुरुस्त करतोस की वकिली करतोस तिकडे?

माझ्या. माझ्या हातून. झालं समाधान?

आदल्या संध्याकाळी बाबांनी मला बोलावून सांगितलं की जुनं वज्रही ताटात ठेव, खुंट्यांवर मंत्र म्हणताना ते शेजारी असू दे, त्याचं बळ त्यांना मिळेल. मी नऊच्या नऊ वस्तू पांढऱ्या रेशमात गुंडाळल्या. तीन वेढे, वर गाठ. बाबांनीच शिकवलं होतं तसं. आणि एकदा मंत्र झाले की रेशीम सोडायचं नसतं, हे तुलाही त्यांनीच शिकवलं होतं. ताटात नऊ सारख्या पुरचुंड्या. कडेची वज्राची, हे मला माहीत होतं. पण खड्ड्यांभोवती फिरताना ताट दोनदा वळवावं लागलं आणि कड कुठली ते मीच विसरलो. आठ पुरल्या. उरलेली नववी वज्राच्या पेटीत ठेवली, वर कागद चिकटवून सही केली. चोवीस वर्षांचा होतो मी. कोयासानच्या मुख्य मठातून मोठे गुरू आले होते, सगळं बेट लोटलं होतं, बाबा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते इतका त्यांचा माझ्यावर भरवसा. माणसाकडून चूक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं तू निघून गेलास. मला पुजारी व्हायचं नाही असं बाबांना तोंडावर सांगून गेलास, ते काही मी तुला करायला लावलं नव्हतं.

पण एक गोष्ट मला समजत नाही आणि त्यामुळे धड जेवण जात नाही. नववी पुरचुंडी मी पेटीत ठेवली होती, म्हणजे पेटीत खुंटी असायला हवी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देवळाच्या वस्तूंना ऊन दाखवायच्या दिवशी बाबांनी दार लावून एकट्यानं पेटी उघडली, बाहेर आले आणि म्हणाले, "पेटी रिकामी आहे." तुला चोर ठरवायला तेवढं पुरलं. मग ती खुंटी गेली कुठे?

गेंकाई


२६ ऑक्टोबर

दादा,

तुझ्या उत्तराची वाट बघत नाही. मला आत्ताच लिहायला हवं, नाहीतर मी काय ऐकलं यावर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

काल दुपारी आईला सांगायला गेलो. ती नळाशी मुळे धूत होती. मी वाटेत सगळी वाक्यं घोकली होती : घाबरू नकोस, आनंदाची बातमी आहे, वगैरे.

"आई, जरा बस."

"मी बसले तर हे मुळे तुझी बायको धुणार का? तिची कंबर धरलीय. बोल तू."

"आई, वज्र सापडलं."

तिचे हात थांबलेसुद्धा नाहीत. हातातला मुळा धुऊन टोपलीत ठेवला आणि म्हणाली, "खुंटीच्या खड्ड्यात ना?"

मी खड्ड्याचा ख काढला नव्हता. तागुचीला आणि त्याच्या माणसांना मी हातापाया पडून गप्प बसवलं होतं, मित्सुएला शपथ घातली होती. आई हात पुसत आत गेली आणि शिवणाची पेटी घेऊन आली. दोऱ्यांची रिळं बाजूला केली, तुझ्या लहानपणीच्या कोटाची बटणं बाजूला केली, आणि खालून एक पांढरी पुरचुंडी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. रेशीम माझं, गाठ बाबांची.

आत खुंटी होती. आठवी. काल घडवल्यासारखी कोरी करकरीत.

"त्या दिवशी पेटीत ही निघाली," आई म्हणाली. "ते माझ्याकडे घेऊन आले. तोंड पांढरंफटक. म्हणाले, तोकी, गेंकाईनं वज्र पुरून ठेवलंय. मी म्हटलं, मग उकरा की. तर म्हणाले, पुरलेलं उकरायचं नसतं, एवढे मोठे गुरू मंत्र म्हणून गेले, आणि पोराची दीक्षा दोन महिन्यांवर आलीय. आता बोललो तर त्याला कोण दीक्षा देईल? मी म्हटलं, आणि एइजुनचं काय? लोक त्याचं नाव घेणार. तर म्हणाले..."

नळ वाहतच होता, तो तिनं बंद केला.

"म्हणाले, तो तर गेलाच आहे. एक गेला, दुसरा कशाला घालवायचा?"

दादा, मी हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे. माझ्या बापानं हिशेब केला आणि त्यात तू खर्ची पडलास. तू चोर आहेस असं ते एकदाही म्हणाले नाहीत, आता मला आठवतं. ते फक्त म्हणाले, पेटी रिकामी आहे. बाकीचं आम्ही म्हटलं.

मी आईवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. "आणि तू गप्प बसलीस? बावीस वर्षं?"

"गप्प कुठे? बावीस वर्षं सांगतेय, एइजुननं नेलं नाही म्हणून. ऐकलंस तू?"

"नेलं नाही म्हणालीस! कुठे आहे ते नाही सांगितलंस!"

"त्यांना शब्द दिला होता."

"बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, आई!"

"झाली." ती खाली बसली, ओल्या फरशीवरच. "रोज ठरवायची, आज सांगते. मग तू होमाला बसलेला दिसायचास, नेमका त्या चौथऱ्यावर. वाटायचं, याला कळलं तर हाही उठून निघून जाईल. एक तरी पोर जवळ असावं असं वाटलं मला. माझं चुकलं. चुकलं रे माझं."

मी तिला उठवलंसुद्धा नाही. मित्सुएनं उठवलं. मी तसाच होमशाळेच्या जागी जाऊन उभा राहिलो. बावीस वर्षं त्या चौथऱ्यावर बसून मी लोकांची पापं आगीत टाकली. खाली तू पुरलेला होतास.

गेंकाई


५ नोव्हेंबर

दादा,

दहा दिवस झाले, तुझं कार्ड नाही. हे कळल्यावर मी तुझ्या जागी असतो तर मीही लिहिलं नसतं.

काल देवळाच्या मंडळींना बोलावलं. एकसष्ट घरांपैकी चोपन्न घरचे आले. वज्र पुढ्यात ठेवलं, शेजारी खुंटी ठेवली आणि सांगितलं : पुरचुंडी माझ्या हातून बदलली, बाबांना कळलं होतं, ते बोलले नाहीत. एवढंच सांगून उठायचं असं घरून ठरवून गेलो होतो.

मासळीवाली सुगाआजी मोठ्यानं रडायला लागली. "तोकीला मी दोन वर्षं मासळी दिली नाही हो! शिळी आहे सांगून तिला परत पाठवायची. ताजी असायची!" मंडळींतले ओनिशीकाका नुसते त्या खुंटीकडे बघत होते. बाबांच्या अंत्यसंस्काराला तू इतक्या लांबून आलास, तेव्हा तुझ्या तोंडावर फाटक लावणारा हात त्यांचा होता. लावायला मी सांगितलं होतं. बापाला उदबत्तीसुद्धा न लावता तू तसाच परत गेलास.

मग काका म्हणाले, "पण गुरुजी, तुम्ही तर त्याला पाहिलं होतं ना? पहाटे कोठीतून बाहेर येताना? पिशवी जड होती म्हणाला होतात."

चोपन्न तोंडं माझ्याकडे वळली.

दादा, तुला पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं ते आता लिहितो. त्या पहाटे मी तुला पाहिलं नव्हतं. मी झोपलेलो होतो. तुला कोठीतून येताना पाहिलं ते चार दिवस आधी, भर दुपारी, आणि तुझ्या हातात पाहुण्यांसाठी काढलेल्या बैठका होत्या. पिशवी मी माझ्या मनानं घातली. जड होती, हेही मनानंच.

का बोललो? हेही सांगून टाकतो, म्हणजे माझ्याकडे काही उरायला नको. ईशान्येच्या खड्ड्याशी वाकलो तेव्हा हातातली पुरचुंडी जड लागली होती. बाकी सातांपेक्षा जड. क्षणभर थांबलो मी. सोडून बघावं असं वाटलं. पण मंत्र चालू होते, मोठे गुरू बघत होते, आणि रेशीम सोडायचं नसतं. ठेवलं, माती लोटली. ऑगस्टमध्ये बाबा म्हणाले, पेटी रिकामी आहे, तेव्हा ते वजन मला आठवलं का? शपथेवर सांगता येत नाही. पण त्याच संध्याकाळी मी म्हणालो की दादाला पाहिलं. कोणी विचारलंही नव्हतं.

हे सगळं काल तिथे बोललो. कोणी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. सगळे नमस्कार करून घरी गेले.

नव्या होमशाळेचा चौथरा तेवीस तारखेला आहे. सात खड्डे मी भरीन. ईशान्येचा भरणार नाही. आठवी खुंटी तुझ्यासाठी ठेवली आहे. तागुची बोंबलतोय की उघडा खड्डा ठेवला तर पुढचं काम अडतं, म्हटलं अडू दे. तू आला नाहीस तर तो तसाच राहील. आई रोज दुपारी धक्क्यावर जाते. मी काही बोललो नाही तिला, आपणहून जाते.

गेंकाई


२७ नोव्हेंबर

दादा,

तू परत कुशिरोला पोचला असशील. तोंडानं बोलता आलं नाही म्हणून पुन्हा कागदच.

तू बोटीतून उतरलास तेव्हा मी तुला ओळखलं नाही. केस पांढरे होतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईनं धक्क्याच्या या टोकावरून ओळखलं, चालण्यावरून. तुझा हात धरून तिनं पहिलं काय विचारावं? "जेवलास का?" आणि तू म्हणालास, "बावीस वर्षांत जेवलो ना अधूनमधून." लोकांना हसावं की रडावं कळेना.

चौथऱ्याशी तू जे केलंस ते बेटावर पुढची पन्नास वर्षं सांगतील. मी मंत्र संपवून ती पुरचुंडी तुझ्या हातात दिली. तू गाठ सोडायला लागलास. "रेशीम सोडायचं नसतं," मी पुटपुटलो. सवय, दुसरं काय. तू मान वर न करता म्हणालास, "आधी बघू दे, काय पुरतोय ते." रेशीम सोडलंस, खुंटी काढलीस, वर धरून सगळ्यांना दाखवलीस. ओनिशीकाकांच्या अगदी नाकापुढून नेलीस. आणि तशीच उघडी मातीत ठेवलीस. कुठल्याही पोथीत असं सांगितलेलं नाही. यापुढे या देवळात असंच होईल.

बाबांच्या फोटोपुढे आईनं उदबत्ती काढून ठेवली होती. तू बघितलीस. "पुढच्या वेळी," म्हणालास. आईनं ती पुन्हा डबीत ठेवली. तू "पुढच्या वेळी" म्हणालास हे ती येईल त्याला सांगते आहे.

आता तू निघतानाचं, धक्क्यावरचं. मी सगळी वाट जुळवाजुळव करत होतो, माफी कशी मागावी याची. तूच बोललास. "गाव काय म्हणतं त्याचं मला काही नव्हतं. पण तू पाहिलंस म्हणालास. तू खोटं बोलणारा पोर नव्हतास. मग मलाच वाटायला लागलं, गडबडीत माझ्याच सामानात आलं असेल का? पहिली दोन वर्षं मी माझीच पिशवी तपासायचो. अस्तर उसवून बघितलं एकदा."

तू माझ्याकडे चिडून बघत असशील असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तिकडे बर्फात, भाड्याच्या खोलीत, तू स्वतःच्या पिशवीचं अस्तर उसवत बसला होतास. माझ्या एका वाक्यापायी.

बोटीनं भोंगा दिला. तू वाकलास, पिशवीची चेन उघडलीस आणि माझ्यापुढे धरलीस. "बघून घे." दोन सदरे, टॉवेल, आईनं दिलेलं मुळ्याचं लोणचं, सुगाआजीनं कोंबलेली सुकी मासळी. टोमणा मारत होतास की खरंच सवय लागली आहे तुला, ते तुझ्या चेहऱ्यावरून कळेना, आणि मला ते विचारायचा धीर झाला नाही. अजून नाही.

चेन मी लावली. दोनदा अडकली.

आईनं तुझे जुने कपडे ट्रंकेतून काढून उन्हात घातले आहेत. ते तुला आता होणार नाहीत हे तिला पटत नाही, म्हणून मित्सुएनं गुपचूप तुझ्या मापाचं कापड आणलं आहे. पुढच्या वेळी पिशवी आणू नकोस, दादा. मोकळ्या हातानं ये.

गेंकाई